पहिले बाळ कोणते? : भारतातील शरीरबाह्य फलनाच्या इतिहासातील नोंद, पुरावा आणि मौन

प्रस्तावना

भारतातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ कोण, या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आढळतात. काही पुस्तके ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेल्या हर्षाचे नाव देतात, तर काही ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या दुर्गाचे. विद्यार्थ्याचे यांपैकी एक उत्तर पाठ करून भागते. इतिहासाच्या अध्यापकाला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. पहिलेपणाचा हा मान आठ वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोघींकडे कसा गेला, आणि १९८६ मध्ये निश्चित झालेले उत्तर पुढे बदलण्यास त्या यशाचे एक शिल्पकारच कसे कारणीभूत ठरले, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासाचा आहे तितकाच इतिहासलेखन पद्धतीचाही आहे.

कोलकात्याचा प्रयोग सुमारे दोन दशके इतिहासातून गळाला. त्याची जबाबदारी बहुधा एका शासकीय समितीवर टाकली जाते आणि ते रास्तही आहे. परंतु समितीचा अविश्वास जितका कारणीभूत होता, तितकेच अपत्यहीनतेभोवती आपल्या समाजाने पाळलेले मौनही कारणीभूत होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हेच मौन आपल्या जिल्ह्याच्या इतिहाससाधनांतही आढळते, म्हणून लेखाच्या उत्तरार्धात अहिल्यानगर जिल्ह्याचा विचार केला आहे. (२०२४ पर्यंत जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते.)

पूर्वपीठिका

गर्भाविषयीचे कुतूहल मराठीला नवे नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधातील तिसऱ्या दशकाचा पहिला समास जन्मदुःखनिरूपणाचा असून त्यात गर्भवासाचे सविस्तर वर्णन आहे. स्त्री हे क्षेत्र आणि पुरुषाचे ते बीज ही धर्मशास्त्रातील कल्पना कृषिप्रधान समाजात सहज रुजली. या कल्पनेचा एक सामाजिक परिणाम असा झाला की, पीक आले नाही म्हणजे जमीन नापीक, असा निवाडा घरोघर होऊ लागला. बियाणे तपासण्याची रीत शेतात होती. घरात ती नव्हती.

युरोपातही बीजाचे माहात्म्य दीर्घकाळ टिकले. सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये प्रथम दाखविले. शुक्राणू व स्त्रीबीज यांच्या केंद्रकांचा संयोग म्हणजे फलन, हे ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ मध्ये समुद्री अर्चिन या प्राण्यात सिद्ध केले. त्यानंतर दहाच वर्षांनी, ११ मार्च १८८६ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहाच दिवसांत गमावलेल्या स्त्रीने हा विषय निवडावा, याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून प्रजननाविषयी उघड लिहिले. त्याबद्दल त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. गर्भधारणेविषयी मराठीत बोलण्याची किंमत काय होती, हे त्यावरून कळते.

शरीराबाहेर फलन घडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. मानवी स्त्रीबीजाचे प्रयोगशाळेतील फलन जॉन रॉक व मिरियम मेंकिन यांनी १९४४ मध्ये नोंदविले होते. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या प्रयत्नांना २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन हिच्या जन्माने यश आले. ‘टेस्ट ट्यूब’ हा शब्द वृत्तपत्रांनी रूढ केला. प्रत्यक्षात हे फलन काचेच्या पसरट बशीत होते. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा स्टेप्टो व पर्डी हयात नव्हते. ओल्डहॅमच्या स्मृतिफलकावर पर्डी यांचेही नाव असावे असा एडवर्ड्स यांचा आग्रह होता, तरी सुरुवातीच्या फलकावर ते आले नाही. नोंदीतून गळण्याचा प्रश्न केवळ भारतापुरता नाही, हे लक्षात घेऊन आता कोलकात्याकडे वळू.

कोलकाता, १९७८

डॉ. सुभाष मुखोपाध्याय (इंग्रजी लेखनात मुखर्जी) यांचा जन्म १९३१ मध्ये हजारीबाग येथे झाला. कोलकाता आणि एडिनबरा या दोन्ही विद्यापीठांची डॉक्टरेट त्यांनी मिळविली होती आणि पश्चिम बंगाल शासनाच्या वैद्यकीय सेवेत ते शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापन करीत होते. शीतजीवशास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे सहकारी. बीजवाहक नलिका निकामी असलेल्या एका स्त्रीवर त्यांनी उपचार केले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे घटस्थापनेच्या सुमारास, तिला मुलगी झाली आणि ‘दुर्गा’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. लुईस ब्राऊननंतर ६७ दिवसांनी तिचा जन्म झाला असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. दिनदर्शिका मांडून मोजल्यास हे अंतर ७० दिवसांचे भरते. एकाने केलेली मोजणी दुसऱ्याने तपासल्याशिवाय उचलली की असे होते.

मुखोपाध्याय यांची पद्धती ओल्डहॅमपेक्षा निराळी होती, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एडवर्ड्स यांनी नैसर्गिक मासिक चक्रातील एकच स्त्रीबीज उदरदर्शक नळीच्या साहाय्याने मिळविले होते. मुखोपाध्याय यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच चक्रात अनेक स्त्रीबीजे परिपक्व केली आणि योनिमार्गाच्या भिंतीला छेद देऊन ती बाहेर काढली. फलनानंतर तयार झालेले आठ पेशींच्या अवस्थेतील भ्रूण त्यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइड या रसायनाच्या संरक्षणात गोठवून ५३ दिवस ठेवले. संप्रेरकांनी उद्दीपित झालेल्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर रोपणास अनुकूल नसते, म्हणून पुढील नैसर्गिक चक्राची वाट पाहून मग भ्रूण गर्भाशयात सोडावेत, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. गोठविलेल्या भ्रूणापासून मूल जन्मल्याची घटना यानंतर ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे घडली ती १९८४ मध्ये. आज जगभरच्या केंद्रांत संप्रेरकांचे उद्दीपन, योनिमार्गातून बीजसंकलन आणि भ्रूण गोठविणे या तिन्ही गोष्टी नित्याच्या झाल्या आहेत. सुईच्या जागी तेव्हा छेद होता, एवढा फरक.

शासनाने दाव्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. समितीच्या अध्यक्षपदी भौतिकशास्त्राचे तज्ज्ञ होते; प्रजननशास्त्रातील अशा प्रयोगाचा अनुभव असलेला कोणी तीत नव्हता, हा आक्षेप वारंवार नोंदला गेला आहे. समितीने दावा अविश्वसनीय ठरविला. जपानमध्ये जाऊन आपले काम मांडण्याची परवानगी मुखोपाध्याय यांना मिळाली नाही. बदल्यांच्या मालिकेत शेवटी १९८१ मध्ये त्यांची नेमणूक नेत्ररोगविषयक संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. या शोकांतिकेवर आधारित तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा हिंदी चित्रपट १९९० मध्ये आला. चित्रपटातील नायक शोध लावतो तो कुष्ठरोगावरील लसीचा.

या घटनाक्रमात समितीने मागितलेला पुरावा काय होता, हे पाहणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील टिपणे होती. एका संक्षिप्त लेखाच्या रूपाने या कामाची शास्त्रीय नियतकालिकात नोंदही झाली होती. परंतु अशा दाव्याचा निर्णायक साक्षीदार म्हणजे ती माता आणि ते मूल. त्या कुटुंबाची इच्छा मात्र आपली ओळख उघड होऊ नये अशी होती. मुलगी ‘अशी’ जन्मली हे कळले तर लोक काय म्हणतील, ही भीती त्यामागे होती. डॉक्टरांनी ती भावना जपली. म्हणजे ज्या लोकापवादामुळे त्या जोडप्याला गुपचूप उपचार घ्यावे लागले, त्याच लोकापवादाने उपचार करणाऱ्याचा साक्षीदार हिरावून घेतला. मुलीचे खरे नाव आणि चेहरा लोकांसमोर आला तो २००३ मध्ये, तिच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने. तोपर्यंत मुखोपाध्याय यांच्या मृत्यूला बावीस वर्षे झाली होती.

मुंबई, १९८६

परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा आणि जवळच असलेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूला ६ ऑगस्ट १९८६ रोजी यश मिळाले. या घटनेची पार्श्वभूमी मोठी विलक्षण आहे. १९५२ पासून देशात कुटुंबनियोजनाचा शासकीय कार्यक्रम सुरू होता. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्याच राज्यात अवघ्या दहा वर्षांनी, सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या रुग्णालयात व संस्थेत, मूल नसलेल्यांना मूल देण्याचे संशोधन सफल झाले. लोकसंख्या ही ज्या देशाची चिंता, त्याने असा खर्च का करावा, हा आक्षेप तेव्हाही होता. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर मूल दगावले तर त्या स्त्रीला पुन्हा आई होण्याचा मार्ग असावा, हा युक्तिवाद त्यावर मांडला जाई. प्रस्तुत लेखकास हा युक्तिवाद काहीसा सोयीचा वाटतो. मूल न होण्याचे दुःख हे स्वतःच उपचारास पुरेसे कारण आहे असे उघड म्हणणे त्या काळच्या धोरणाच्या भाषेत बसत नव्हते, एवढेच त्यातून दिसते.

मुंबईच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य त्याच्या नोंदींत आहे. काम रुग्णालय आणि शासकीय संशोधन संस्था यांनी मिळून केले, त्याची टप्प्याटप्प्याने नोंद झाली आणि अहवाल प्रसिद्ध झाला. कुटुंबानेही मुलीचे नाव लपविले नाही. हर्षा वृत्तपत्रांच्या साक्षीने वाढली आणि २०१६ मध्ये ती स्वतः आई झाली, हेही वृत्तपत्रांतून सर्वांना कळले. ‘शास्त्रीय दस्तऐवज असलेली भारतातील पहिली’ हे विशेषण तिच्या नावामागे लागले ते यामुळे. या विशेषणातील पहिले तीन शब्द वगळून लिहिण्याची सवय मात्र आपल्याकडे लवकर लागली. महापालिकेच्या रुग्णालयात सुरू झालेला हा उपचार पुढे प्रामुख्याने खासगी रुग्णालयांत वाढला, ही बाबही येथे नोंदवावयास हवी.

कागदपत्रांचे पुनर्वाचन, १९९७

१९९७ मध्ये डॉ. आनंद कुमार कोलकात्यास गेले असता सुभाष मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे व कागदपत्रे त्यांच्या हाती आली. सुनीत मुखर्जी यांनी ती जपून ठेवली होती. आनंद कुमार यांनी ती तपासली, दुर्गाच्या आईवडिलांशी चर्चा केली, आणि त्याच वर्षी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय सुभाष मुखोपाध्याय यांचे असल्याचे जाहीर केले. हे लिहिताना पहिलेपणाचा आपलाच मान ते सोडत होते.

महाराष्ट्रातील इतिहासाच्या अभ्यासकांना या प्रसंगात एक ओळखीची रीत दिसेल. मूळ कागद पाहिल्याशिवाय विधान करू नये, ही शिस्त वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांच्या रूपाने घालून दिली. दप्तर कोणाच्या तरी घरात पडून असते, ते कोणीतरी उघडतो आणि प्रस्थापित हकिकत बदलते. आनंद कुमार यांनी नेमके हेच केले. फरक इतकाच की, राजवाड्यांना मोडी वाचावी लागे आणि यांना संप्रेरकांच्या मात्रा व पेशींच्या अवस्था वाचाव्या लागल्या. जाणकाराने वाचला तरच कागद बोलतो. १९७८ च्या समितीपुढेही टिपणे होतीच.

आनंद कुमार यांनी केवळ कागदांवर भिस्त ठेवली नाही, हेही ध्यानात घ्यावे. आईवडील बोलले, म्हणून टिपणांना आधार मिळाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे मुखोपाध्याय यांच्या कार्याची दखल घेतली.

जिल्ह्याच्या साधनांतील मौन

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अपत्यहीनतेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास साधने कोणती? मराठ्यांच्या कागदपत्रांत निपुत्रिकपणाचा उल्लेख येतो तो बहुतेक दत्तकाच्या निमित्ताने. दत्तकपत्रे, वतनाचे तंटे, वारसाचे महजर यांतून आपल्याला मूल नसलेली घराणी कळतात. सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये खालसा झाले, तेव्हा औरस पुत्र नसणे हा राजकीय इतिहासाचा विषय बनला. परंतु वतन नसलेल्या, वारसाने मिळण्याजोगे काहीच नसलेल्या कुटुंबातील अपत्यहीन स्त्री कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती सापडते ओव्यांत, नवसांत आणि देवीपुढे बांधलेल्या पाळण्यांत. ओटी भरण्याच्या कार्यक्रमाला तिला न बोलावण्याची रीत सर्वांना ठाऊक असते आणि ती कोठेही लिहिलेली नसते.

स्वातंत्र्योत्तर काळातील शासकीय नोंदी पाहिल्या तरी स्थिती फारशी निराळी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवह्यांत गरोदर माता, प्रसूती, लसीकरण आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया यांचे रकाने आले, कारण कार्यक्रम त्यांचे होते. मूल व्हावे म्हणून आलेल्या स्त्रीसाठी कार्यक्रमच नसल्याने रकानाही आला नाही. क्षयरोगाचे जंतू बीजवाहक नलिकांपर्यंत पोहोचून त्या बंद करतात आणि भारतातील स्त्री-वंध्यत्वाचे ते एक प्रमुख कारण आहे. क्षयाच्या नोंदीत अशी स्त्री रुग्ण म्हणून असेलही; तिला मूल झाले नाही याचा दोष मात्र जंतूकडे न जाता तिच्या पायगुणाकडे गेला. पुरुषाच्या शुक्राणूंतील दोषावर १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथील संशोधकांनी उपाय प्रसिद्ध केला. त्यात एकच शुक्राणू बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडला जातो. या उपचारातही इंजेक्शने स्त्रीलाच घ्यावी लागतात आणि केसपेपर सामान्यतः तिच्याच नावाने निघतो. उद्या कोणी हे केसपेपर मोजावयास बसला, तर पतीचा दोषही पत्नीच्या खात्यावर मांडला जाण्याचा धोका आहे.

काही गोष्टी व्यक्तीच्या नोंदीत दडतात आणि संख्येत उघड होतात. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, म्हणजे हर्षाच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीचाही त्यात समावेश झाला. दोन मुली असलेल्या एका दांपत्याने मुलासाठी लिंगनिवडीची मुभा मागितली असता मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती नाकारली. आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८८४ होती. २०११ मध्ये ती ८५२ झाली. कोणत्या सोनोग्राफीच्या खोलीत कोणी काय विचारले, हे कोणत्याही कागदावर नाही. उणीव तेवढी मोजता येते. वंध्यत्वाबाबत अशी ढोबळ संख्याही जिल्ह्याच्या चर्चेत येत नाही.

या परिस्थितीत मौखिक साधनांचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नाही. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातल्याच, बहुधा अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. शरीराविषयी बायकांनी बायकांशी बोलण्याची वाट त्यांनी पाडली. अशा जुन्या आरोग्यसेविका, परिचारिका आणि सुईणी यांच्याजवळ कोणत्या घरात कोणाला दोष दिला गेला, कोणी दुसरे लग्न केले, कोण पुण्या-नाशिकला जाऊन ‘तपासून’ आले, याची स्मृती असते. ती मिळविताना नावे गाळण्याची, संमती घेण्याची आणि सासरच्या मंडळींसमोर प्रश्न न विचारण्याची दक्षता घ्यावी लागेल. कोलकात्याच्या कुटुंबाला वाटलेली भीती आपल्या खेड्यांतून गेली आहे, असे समजण्यास आधार नाही.

सहायक जननतंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ मध्ये संमत होऊन २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे, स्त्रीबीजदान आयुष्यात एकदाच करता यावे, विशिष्ट लिंगाचे मूल देऊ करू नये, अशा त्यातील तरतुदींची चर्चा बरीच झाली. अभिलेखांविषयीच्या तरतुदीकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. केंद्रांनी आपल्या नोंदी किमान दहा वर्षे जतन करावयाच्या आणि त्यानंतर राष्ट्रीय नोंदणी संस्थेच्या केंद्रीय साठ्याकडे सोपवावयाच्या, असे कायदा सांगतो. त्या हिशेबाने पहिल्या नोंदी २०३२ पासून तेथे जाऊ लागतील. व्यक्तीची ओळख पूर्णपणे झाकून, तालुका, वय, दोषाचे कारण आणि उपचाराची निष्पत्ती एवढी माहिती अभ्यासकांस किती वर्षांनी पाहता यावी, याचा मसुदा इतिहास, समाजशास्त्र व वैद्यक या तिन्ही विषयांच्या अभ्यासमंडळांनी एकत्र बसून त्यापूर्वीच तयार करावयास हवा. रकाने कोणते असावेत हे ठरविताना पतीच्या तपासणीचा रकाना वेगळा ठेवण्याची सूचना त्यात अग्रक्रमाने यावी.